दहा परके बेपत्ता

पाच

शनिवारी सकाळी साडेनऊला, पेणमध्ये, दहा परके बेपत्ता असल्याचं उघडकीला आलं.

अनसूयाबाईंनी पुन्हा मोजलं. दहा लिफाफे, प्रत्येकात पाच पानं, एकूण पन्नास. संख्या बरोबर होती आणि तीच भानगड होती.

"सगळी हायत ना?" समोर बसलेल्या मुनीरानं विचारलं.

"मोजू नकोस गो. वाच."

मुनीरानं एक लिफाफा हातात घेतला. चार पानांवर 'कासू स्टेशन' आणि पाचव्यावर 'परका' असायला हवं होतं. पाचही पानांवर कासू स्टेशन होतं. दुसऱ्या लिफाफ्यात पाचही पानांवर नागोठण्याचा बाजार. तिसऱ्यात पाच वेळा जिते स्टेशन. दहाही लिफाफ्यांतून परक्याचं पान कुणीतरी काढून घेतलं होतं आणि त्या जागी जागेच्या नावाचं आणखी एक पान छापून ठेवलं होतं.

अनसूयाबाई गणिताच्या निवृत्त शिक्षिका. घराच्या पुढच्या खोलीत त्या खेळघर चालवतात. वाचनालयातून पुस्तक न्यावं तसा इथून खेळ न्यायचा. कपाटात त्रेचाळीस डबे आहेत, आणि त्यातले निम्मे एकाच जातीचे: आपल्यातलाच कुणीतरी काहीतरी लपवतोय आणि बाकीच्यांनी त्याला नुसतं बोलून शोधायचं. कुठला नेऊ, असं कुणी विचारलं की बाई तीन प्रश्न विचारतात. किती जण? एकमेकांचे कोण? शेवटचे एकत्र कशावर हसलात?

महिन्यापूर्वी रोह्याहून मुनीरा आली होती. अध्यापक विद्यालयात दोघी एका बाकावर बसायच्या. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं तिनं दिली: मी, नवरा शरीफ, मुलगा आकिब, मुलगी अक्सा आणि शेजारचे दत्तात्रेय काका. तिसऱ्यावर ती म्हणाली, "आठवत नाय."

म्हणून बाईंनी त्यांच्यासाठी मुद्दाम हा खेळ बनवला. चौघांना जागेचं नाव मिळतं, एकाला 'परका'. नाव न घेता एकमेकांना त्या जागेबद्दल प्रश्न विचारायचे. परक्याला जागा ठाऊक नसते, त्यानं ठाऊक असल्यासारखं बोलायचं. मग सगळ्यांनी बोटं दाखवायची. ज्याच्याकडे जास्त बोटं त्यानं 'व्हय' म्हणायचं किंवा 'नाय'. व्हय म्हटलं तरी एक शेवटची संधी असते: जागा ओळखली तर परकाच जिंकला.

विकतच्या खेळांत इथे पान उलटून दाखवतात. बाईंनी तो नियम काढून टाकला होता. घरच्या माणसांनी शब्दावर चालावं, पुरावा मागू नये, असं त्यांना वाटलं.

"परत का आणलास डबा?"

"खेळ पुरे झाला आमचा." मुनीरानं ओढणी सावरली. "ते चाललेत परत. कुवेतला. जुन्या शेठचा आज सहा वाजता फोन येणार हाय, त्याला हो सांगणार. दोन वर्षं अजून. एकतीस वर्षं कमी पडली जणू! येऊन आठ महिने झाले, अनू. काल खेळ संपल्यावर मला बोलले, मला इथं काय जमत नाय."

"काल पकडलं कोण गेलं?"

"तेच. चारही डाव."

"आणि काय म्हणाले?"

"व्हय."

"चारही वेळा?"

"चारही वेळा. का गो?"

अनसूयाबाईंनी पन्नास पानं टेबलावर पसरली. त्यांत एकही परका नव्हता.

"कारण मग शरीफभाई चार वेळा खोटं बोललेत," त्या म्हणाल्या आणि चपला शोधू लागल्या.

*

*नोंदवहीतून.* गणपतीच्या कारखान्यातले सात रंगारी, जेवणाच्या सुट्टीत. पानांचा खेळ देऊ नये, बोटांचा रंग पानाला लागतो आणि पुढच्या डावाला पान पाठीमागूनच ओळखू येतं. डोळे मिटून खेळायचा लांडग्याचा खेळ दिला. त्यांच्यातल्या आदेशला खेळू देऊ नका, सूत्रधार करा. तो मूर्तीचे डोळे आखतो. समोरच्याची पापणी हलली की त्याला सगळं कळतं, आणि बाकीच्यांची मजा जाते.

*

पाच, अजूनही

रोह्याच्या गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली. बाईंनी मुनीराला एकेक विचारायला सुरुवात केली.

नवी पानं कुणालाही छापता आली असती. पान हरवलं तर झेरॉक्सवाल्याकडून छापून घ्या म्हणून बाईंनीच सगळ्या पानांची फाईल त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकली होती. गटात पाचही जण. छपाई तीच, पुठ्ठा तोच. पानांकडून काही कळणार नव्हतं. माणसांकडूनच कळायला हवं.

"डबा कुठे असतो?"

"हॉलमधल्या कपाटावर. कुलूप नाय काय नाय."

"दत्तात्रेय काका कधी घरी नेतात?"

"छे! ते शुक्रवारी दुपारी येतात, नमाज, जेवण उरकलं की. खेळतात, चहा पितात, जातात. डबा उचलायला गेले तर त्यांचं कंबरडं मोडेल."

"पहिल्यापासून सांग."

मुनीरानं सांगितलं. पहिले तीन शुक्रवार परका कुणीही असो, बोटं शरीफकडेच जायची. कासूचा डाव होता. अक्सानं विचारलं, इथे उतरल्यावर पहिलं काय दिसतं? शरीफ म्हणाले, तांब्याचा हंडा घेऊन बसलेली म्हातारी, येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी देते. सगळे ओरडले, परका, परका! त्यांच्या हातात तर कासूचंच पान होतं. "ती म्हातारी जाऊन वीस वर्षं झाली, अनू. पण ह्यांना कोण सांगणार? हे गेले तेव्हा ती होती." जित्याच्या डावात ते म्हणाले, पहिल्या गाडीला दूधवाले असतात. आता पहिल्या गाडीला सगळे कंपनीवाले. पुन्हा बोटं.

"आणि ते काय म्हणायचे?"

"तेव्हा 'नाय' म्हणायचे. खरं ते. पण पोरं काय ऐकतात? अक्सा एकदा बोलली, 'अब्बा, तुम्हाला पान लागतच नाय, तुम्ही असेच परके.' हसले सगळे. हे पण हसले."

गाडी कासूला थांबली. फलाटावर एक माणूस मोबाईलवर कुणाला तरी मोठ्यानं पत्ता सांगत होता.

"आणि आकिब?"

मुनीराचा आवाज खाली आला. "त्याचं बापाशी बोलणं म्हणजे कामापुरतं. पहिलं बोट नेहमी त्याचंच. काल मात्र दत्ताकाकांकडे दाखवलं, काय डोक्यात आलं कोण जाणे. बाकी आम्ही तिघांनी ह्यांच्याकडे. हे बोलले, व्हय. मग शेवटची संधी आली तर आकिब छळायलाच बसला. 'अब्बा, जागा सांगा. तुम्हाला येतंय. सांगा ना.' चारही डाव तेच! ह्यांनी एकदा सांगितलं कुवेत, एकदा मस्कत. अक्सा हसून हसून लोळली. आकिब उठून बाहेर गेला. बापाचा पाणउतारा करून वर हाच रुसतो."

"आज डबा परत द्यायचं कधी ठरलं?"

"सकाळी. अक्सानं मिटलेले लिफाफे डब्यात रचले, ह्यांनी सुतळी बांधली. दत्ताकाका फिरायला निघाले होते, त्यांनी पिशवी स्टेशनपर्यंत धरली. कंबरेचं विचारू नकोस."

"आकिबनं काय केलं?"

"त्याची पहिली पाळी. पावणेसहाला बस येते कंपनीची. तो गेल्यावर मी ठरवलं. त्याला काय विचारायचं त्यात?"

नागोठणं आलं. अनसूयाबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या आणि रोहा येईपर्यंत त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. मुनीराला ते जास्त भीतीदायक वाटलं.

*

*नोंदवहीतून.* नवीन लग्न झालेले दोघे. दोघांसाठी असा खेळ नसतो. दोघांत लपवणारा कोण, हे दोघांनाही ठाऊक असतं. आणखी दोन माणसं जमवा मग या, असं सांगितलं. बायको म्हणाली, मग सासू-सासरेच येतील. लुडो दिला.

*नोंदवहीतून.* सहा चुलत भाऊ, जमिनीची वाटणी चालू आहे. काहीही देऊ नये. चहा दिला.

*

चार

दत्तात्रेय काका मुनीराच्या ओट्यावरच बसले होते. एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. अजूनही कुणी आलं की आधी घड्याळ बघत.

"अनसूयाबाई, तुमचा खेळ एकदम सोपा," ते म्हणाले. "शरीफभाय पहिल्या प्रश्नातच सापडतो. काल चारपैकी चार! मी पहिल्यापासून सांगत होतो."

"काल परका नव्हताच, काका. पाचही पानं सारखी होती."

काकांनी घड्याळ बघितलं. मग पुन्हा बघितलं.

"म्हणजे मी काल चार वेळा निरपराध माणसाला पकडला?"

"तुम्ही, मुनीरानं आणि अक्सानं."

"अरे देवा." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "आणि तो 'व्हय' म्हणाला? कशाला म्हणाला?"

काकांनी डबा कधी घरी नेला नव्हता. दहा लिफाफे उघडून दहा पानं बदलायची तर हॉलमध्ये एकट्यानं बसायला हवं. बाईंनी मनातल्या मनात एक नाव खोडलं.

तीन

अक्सा फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला. तिनं सगळं ऐकलं आणि थेट भांडायलाच उठली.

"मी बदलली असती तर काल एवढी मरमर केली असती का, मावशी? परक्याला जागा कळू नये म्हणून मी किती जपून बोलत होते! काकांनी विचारलं, इथे काय विकतात. मी म्हटलं, जे सगळीकडे विकतात ते."

"अगदी असंच उत्तर दिलं," ओट्यावरून काका म्हणाले. "मला तर तिचाच संशय यायला लागला होता."

खेळात परकाच नाही हे ठाऊक असणारा माणूस दुपारभर जागा कशाला लपवेल? बाईंनी दुसरं नाव खोडलं.

"मावशी," अक्सानं आवाज बारीक केला, "ते मी बोलले होते ना अब्बांना, असेच परके म्हणून... त्यामुळे चाललेत का?"

"त्यांनाच विचारते," बाई म्हणाल्या.

शरीफ मागच्या पडवीत लसूण सोलत बसले होते. एकतीस वर्षं कुवेतमध्ये कंपनीचं कोठार सांभाळलेला माणूस. सोललेल्या पाकळ्या एका ओळीत, सालं दुसऱ्या ताटात.

"या, बाई. मुनीरा स्वयंपाकघरात येऊ देत नाय, पण लसूण देते."

"काल चारही डाव जागेचंच पान होतं ना तुमच्या हातात?"

त्यांचा हात थांबला.

"मग 'व्हय' का म्हणालात?"

"तुम्ही परत आलेलं एकेक पान तपासता, ठाऊक हाय सगळ्यांना," शरीफ हसले. "बाई, मी ह्या पोरांचं हसणं फोनवर ऐकलंय. एका वेळी एकाचं. फोन एकाच्याच हातात असतो ना. अक्सा हसायची, मग आकिबला दे म्हणायचो, तोपर्यंत हसायचं काय ते संपलेलं असायचं. दोघं एकदम हसताना पहिल्यांदा ऐकलं ते मला पकडलं तेव्हा. मी 'नाय' म्हटलं की हसू अर्ध्यावर थांबायचं. काल म्हटलं, व्हय म्हणून बघू. काय जातंय?"

"आणि शेवटच्या संधीला कुवेत."

"त्याला तर अक्सा लोळली." त्यांनी पुढची पाकळी घेतली. "पण आकिब नाय हसला. चारही डाव नाय. उठून गेला. तेवढं एक काम मला घरात जमत होतं, बाई. तेही आता जमेना. मग बसून काय करू?"

बाई उठल्या. हसू हवं म्हणून खोटं बोलणाऱ्याला पानं बदलायची गरज नसते. 'व्हय' म्हणायला काहीच लागत नाही. आणि पान काढून टाकलंय हे ठाऊक असतं, तर आकिब का हसला नाही याचं कोडं त्यांना पडलं नसतं.

तिसरं नाव खोडलं. उरली दोन.

थांबा

इथे वाचकानं बोट दाखवावं.

पानं कुणी बदलली ते कळण्यासाठी लागणारं सगळं आतापर्यंत कुणी ना कुणी बोलून गेलेलं आहे. मुनीरा की आकिब? पान उलटून बघायचं नाही. मनातल्या मनात 'व्हय' किंवा 'नाय' म्हणा, आणि मगच खाली उतरा.

एक

अडीच वाजता कंपनीची बस कोपऱ्यावर थांबली. आकिब डब्याची पिशवी खांद्याला लावून आत आला, टेबलाभोवती बसलेली माणसं बघितली, टेबलावरचा खेळाचा डबा बघितला आणि दारातच उभा राहिला.

"डबा आज खाली कुणी काढला? म्हणजे... मावशी, तुम्ही कधी आलात?"

"बस," अनसूयाबाई म्हणाल्या. "एक डाव टाकते. प्रश्न नकोत. पानं घ्या."

पाच जणांनी पाच पानं घेतली.

"आज माझा एक नियम मोडायचा. उलटा."

पानं उलटली. रोह्याचा बाजार, रोह्याचा बाजार, रोह्याचा बाजार, रोह्याचा बाजार, रोह्याचा बाजार.

अक्सा वडिलांकडे बघत होती. काकांनी मान खाली घातली.

"काल चारही डाव असेच होते," बाई म्हणाल्या. "शरीफभाई हातात बरोबर पान धरून 'व्हय' म्हणत होते. ते खोटं बोलतायत हे टेबलावरच्या एकाच माणसाला कळत होतं, ज्यानं पानं बदलली त्याला. बाकीच्यांना तो नेहमीचाच डाव वाटला, म्हणून ते हसले. मग हसला कोण नाही? बोट दुसरीकडे कुणी दाखवलं? 'तुम्हाला येतंय, सांगा' असं चार-चार वेळा कोण विनवत होतं? ज्याच्या हातात जागेचं नाव आहे हे पक्कं माहीत असतं, त्यालाच माणूस असं विनवतो. मुनीरा, तुला तो छळ वाटला."

मुनीरानं ओढणी तोंडाला लावली.

"एवढ्यावर मी कुणाचं नाव घेतलं नसतं. पण दुसरी गोष्ट पक्की आहे. पानं परत जागेवर न ठेवता कुणी डबा माझ्याकडे पाठवेल का? मी एकेक पान बघून घेते हे सगळ्यांना ठाऊक आहे. ज्यानं बदलली त्याला आज डबा पेणला निघाल्याचं कळलंच नव्हतं. अक्सानं भरला, शरीफभाईंनी बांधला, काकांनी स्टेशनपर्यंत नेला, मुनीरानं आणला. घरात नव्हता एकच."

आकिबनं पिशवी उघडली. जेवणाच्या डब्याखालून रबर लावलेला एक गठ्ठा काढला आणि टेबलावर ठेवला. दहा पानं.

"कंपनीत कशाला नेत होतास रे?" काकांनी न राहवून विचारलं.

"घरात नको होती मला."

तो वडिलांकडे न बघता बोलत होता. "दर शुक्रवारी सगळे त्यांनाच. ते खरं बोलतायत तरी. मला वाटलं, पानच नसलं तर ते 'नाय' म्हणतील, मग मी म्हणेन पानं उलटा. सगळ्यांना दिसेल, परका कुणी नायच. अब्बा बरोबर होते असं एकदा तरी होईल." त्यानं गठ्ठ्याचं रबर काढून बोटाला गुंडाळलं. "आणि हे म्हणाले व्हय. हातात रोहा असून व्हय."

"मग तेव्हाच सांगायचंस ना," अक्सा म्हणाली.

"काय सांगू? अब्बा खोटं बोलतायत म्हणून? सगळ्यांसमोर? मावशींनीच सांगितलेलं ना, घरच्याचा शब्द तपासायचा नाय."

अनसूयाबाईंनी चष्मा काढला आणि पदरानं पुसला. तो मळलेला नव्हता.

शरीफनी पानांचा गठ्ठा बाजूला सारला. "पण पहिलं बोट तर नेहमी तुझंच असायचं, बाळा. तीन आठवडे."

"मग कोणाकडे दाखवणार?" आकिबनं पहिल्यांदा वर बघितलं. "मी तुमच्याकडेच बघत असतो, अब्बा. आठ महिने. बोट तिकडेच जातं."

शरीफनी हात पुढे केला. बोटांना लसणाचा वास होता म्हणून मागे घेतला, पुसला, आणि पुन्हा पुढे केला. आकिबनं तो धरला.

*

*नोंदवहीतून.* पाच जण, रोहा. मी दिलेला खेळ चुकीचा होता, आणि नियम त्याहून चुकीचा. ज्या घरात एक जण नुकताच आलाय तिथे परका शोधायला लावू नये. शब्दावर विश्वास ठेवा असं सांगितलं आणि दोघांचीही तोंडं बंद केली. नवीन शिफारस: प्रत्येकानं गावाबद्दल दोन गोष्टी सांगायच्या, एक खरी, एक बनवलेली. बाकीच्यांनी बनवलेली ओळखायची. शरीफभाई तीस वर्षांपूर्वीच्याच गोष्टी सांगतील आणि कुणालाही सापडणार नाहीत. जिंकतील. कुणीतरी भांडेल. भांडू द्यावं.

*

शून्य

सहाला पाच कमी असताना फोन वाजला. शरीफनी तो टेबलाच्या मधोमध ठेवला आणि स्पीकर लावला. असं त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं.

"हां शरीफभाई," शेठचा आवाज आला. मागे गाड्यांचे हॉर्न वाजत होते. "टिकट भेजूँ ना?"

मुनीरा चहाचे कप घेऊन येत होती, ती वाटेतच थांबली. अक्सानं काकांचा दंड घट्ट धरला.

"नहीं, शेठ."

"नहीं? मैं तो समझा था आओगे. क्या हुआ? उधर कोई काम मिल गया क्या?"

शरीफनी टेबलाभोवती एकदा बघितलं, मग मुनीराकडे.

"काम कुछ नहीं, शेठ," ते म्हणाले. "घर में बैठने का है."

पलीकडे शेठनं गाडीची काच वर केली असावी, हॉर्न बारीक झाले. शेठचीही बायकामुलं कुठेतरी दुसरीकडे असावीत.

"बैठो," तो म्हणाला. "अच्छे से बैठो."